कॅमेऱ्यामागचे नाव छापा, आणि त्याचे कामही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत चित्रपटांवर नियमितपणे लिहिले जाते. कथा, अभिनय, संगीत यांची चर्चा त्यात मनापासून असते. कॅमेऱ्याच्या वाट्याला मात्र शेवटच्या परिच्छेदातली एक ओळ येते: ‘छायाचित्रण नेत्रसुखद आहे.’ जुन्या चित्रपटांवरच्या लेखांत तीही नसते. नायक-नायिका, दिग्दर्शक, संगीतकार, गीतकार, गायक यांची नावे येतात आणि ज्याने प्रत्येक चौकटीचा उजेड ठरवला त्याचे नाव गळते. दुसऱ्या एखाद्या शहरातल्या वृत्तपत्राकडे ही तक्रार आम्ही कदाचित केली नसती. पण ‘प्रभात फिल्म कंपनी’ १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली, तिच्याच आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही पुण्यातच उभे राहिले. छायाचित्रणाचे रीतसर शिक्षण घेतलेल्या किती पिढ्या लॉ कॉलेज रस्त्यावरच्या या इन्स्टिट्यूटमधून देशभर गेल्या. त्यांचे काम वाचकाला उलगडून सांगायचे तर ते पुण्यातून सांगितले जावे, असे आम्हाला मनापासून वाटते.

नुसती तक्रार नको म्हणून एकाच कॅमेरामनचे काम घेऊन काय लिहिता येईल ते मांडतो. के. के. महाजन. जन्म १९४४, गुरदासपूरचा. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून १९६६ मध्ये बाहेर पडले. ‘सारा आकाश’, ‘उसकी रोटी’, ‘मायादर्पण’ आणि ‘कोरस’ या चार चित्रपटांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. २००७ मध्ये ते गेले. ही यादी वाचून कुणाला वाटेल की हे फक्त महोत्सवांतल्या चित्रपटांचे कॅमेरामन असावेत. तर ‘पिया का घर’, ‘रजनीगंधा’, ‘छोटी सी बात’, ‘चितचोर’ आणि ‘मंझिल’ यांचे छायाचित्रणही त्यांचेच. मराठी घरांत हे चित्रपट तोंडपाठ आहेत. अमोल पालेकर बसथांब्यावर उभे असतात ती चौकट डोळ्यांसमोर आणता येणाऱ्या दहा जणांपैकी एकालाही ती कुणी टिपली हे ठाऊक नसते.

सगळ्यांनी पाहिलेल्या गाण्यापासून सुरुवात करू. ‘मंझिल’ (१९७९) मधले ‘रिमझिम गिरे सावन’. लता मंगेशकरांच्या आवाजातले हे गाणे पावसात भिजलेल्या मुंबईत, उघड्या रस्त्यांवर आणि समुद्राकाठी चित्रित झाले आहे. पाऊस खरा आहे हे बघणाऱ्याला लगेच जाणवते. ते कशामुळे जाणवते, हे परीक्षणात लिहिण्याजोगे आहे. पडद्यावरचा बहुतेक पाऊस भोके पाडलेल्या पाइपांतून किंवा टँकरच्या होजमधून पाडलेला असतो. तो कॅमेऱ्यासमोरच्या एका अरुंद पट्ट्यात पडतो. मागची इमारत आणि दूरचे झाड कोरडेच राहते. थेंब दिसावेत म्हणून मागून जोरदार दिवा लावावा लागतो, कारण समोरून उजेड टाकला तर थेंब पार्श्वभूमीत विरून जातात. म्हणून खोट्या पावसात माणसांच्या केसांना आणि खांद्यांना चमकती कड असते, आणि निष्काळजीपणा झाला तर रस्त्यावर उन्हाची सावलीसुद्धा दिसते.

खरा पाऊस कॅमेऱ्यापासून क्षितिजापर्यंत भरलेला असतो. त्यामुळे जवळचा माणूस गडद, वीस-पंचवीस पावलांवरचा फिका आणि दूरची इमारत जवळपास आकाशाच्याच रंगाची, अशा पायऱ्या आपोआप पडतात. थेंब सुटे सुटे फारसे दिसत नाहीत. सेकंदाला २४ चौकटी आणि १८० अंशांचे, म्हणजे अर्धे उघडे, शटर असले की एक चौकट १/४८ सेकंद उघडी राहते. तेवढ्या वेळात मोठा थेंब १५ ते २० सेंटिमीटर खाली सरकतो आणि फिल्मवर त्याची पुसट रेघ उरते. त्या गाण्यातली हवा दाट, ओलसर वाटते ती या रेघांच्या थरांमुळे.

आता अडचणी. त्या काळच्या रंगीत निगेटिव्हचा वेग, म्हणजे उजेड टिपण्याची क्षमता, दिव्यांच्या उजेडात १०० एएसए होता. बाहेरच्या उजेडात ती वापरायची तर लेन्सवर ८५ क्रमांकाचा नारिंगी फिल्टर लागे, आणि फिल्टर लावला की हिशोब ६४ एएसएवर येई. साध्या ढगाळ दिवसात लेन्सचे छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, एफ ८ च्या आसपास ठेवून काम भागते (आकडा लहान तितके छिद्र मोठे). पाऊस दाटून आला की तोच उजेड दोन स्टॉपने उतरतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) आणि अ‍ॅपर्चर एफ ४ पर्यंत किंवा त्याहून जास्त उघडावे लागते. फिल्टर काढून टाकला तर दोन-तृतीयांश स्टॉप परत मिळतो, पण चित्र निळे पडते. प्रयोगशाळेत प्रिंट काढताना ते बरेचसे सुधारता येते, पूर्णपणे नाही. शिवाय पावसात उजेड मिनिटामिनिटाला बदलतो. एका शॉटचा चेहरा पुढच्या शॉटच्या चेहऱ्याशी जुळवायचा तर प्रत्येक टेकआधी उजेड मोजणारा मीटर पाहावाच लागतो. ज्याला या बदलाचा अंदाज नसतो त्याचे गाणे कापल्यावर पडद्यावर उजेड सतत वरखाली होतो.

ढगाळ उजेड वरून येतो, म्हणून डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. यावर समुद्राकाठी एक सोपा उपाय आहे: चेहरा पाण्याच्या दिशेने वळवणे. तिकडे क्षितिजापर्यंत मोकळे आकाश असते आणि तो खालच्या पातळीवरचा उजेड थेट डोळ्यांत जातो. इमारतींकडे तोंड केले की तो नाहीसा होतो. जमिनीलगत पांढरे थर्माकोल धरूनही थोडे काम होते, पण वाऱ्यात ते टिकत नाही आणि लांबच्या शॉटमध्ये लपवता येत नाही. ओल्या डांबराचा फायदा वेगळा. कॅमेरा खाली ठेवला की रस्ता आकाश दाखवू लागतो, आणि त्या उजळ पट्टीवर चालणाऱ्या माणसांच्या आकृती स्वच्छ उठून दिसतात.

लेन्सवर पडलेला थेंबही सगळीकडे सारखा त्रास देत नाही. लांब फोकल लेंग्थच्या (दूरचे जवळ आणणाऱ्या), उघड्या अ‍ॅपर्चरच्या लेन्सवर तो नुसता मऊपणा आणतो. वाइड (रुंद दृश्य घेणारी) लेन्स एफ ८ वर असेल तर तोच थेंब स्पष्ट डाग होऊन बसतो. थंड खोलीतून कॅमेरा एकदम दमट हवेत आणला की काचेवर आतून बाष्प धरते, आणि ते बाहेरून पुसून जात नाही. अर्धा-पाऊण तास पेटी बंद ठेवून कॅमेऱ्याला बाहेरच्या तापमानाला येऊ देणे एवढाच त्यावर इलाज असतो.

आता अगदी दुसऱ्या टोकाचे काम. मणी कौल यांचा ‘उसकी रोटी’, १९६९-७०. कौलही पुण्याच्याच इन्स्टिट्यूटचे. मोहन राकेश यांच्या कथेवरचा चित्रपट: पंजाबातल्या खेड्यात बालो ही बाई बसचालक नवऱ्यासाठी भाकरी घेऊन रस्त्याच्या कडेला थांबते. या चित्रपटाविषयी मराठीत ‘संथ’ आणि ‘दुर्बोध’ हे दोन शब्द फार वापरले गेले आहेत. त्यात कॅमेऱ्याची जी योजना आहे ती कळली तर संथपणाचे कारणही कळते. कौल आणि महाजन यांनी लेन्स दोनच ठेवल्या: २८ मिलिमीटर आणि ७५ मिलिमीटर. सुरुवातीला २८ ही बालोच्या प्रत्यक्ष जगण्याची लेन्स आणि ७५ ही तिच्या मनात चाललेल्याची. चित्रपट पुढे सरकतो तशी ही वाटणी उलटत जाते, आणि घडलेले कोणते, मनातले कोणते हे ठरवणे प्रेक्षकाला अवघड होते.

या दोन आकड्यांनी पडद्यावर काय होते, ते हिशोबानेच पाहू. ३५ मिलिमीटर फिल्मवरच्या जुन्या चौकटीची रुंदी सुमारे २२ मिलिमीटर. २८ च्या लेन्सने आडवा कोन सुमारे ४३ अंशांचा मिळतो, ७५ च्या लेन्सने १७ अंशांचा. तीन मीटरवर माणूस उभा असेल तर २८ मध्ये सव्वादोन मीटरहून थोडी जास्त रुंदी दिसते: माणूस, शेजारचा दरवाजा, भिंतीचा तुकडा. ७५ मध्ये ९० सेंटिमीटरही दिसत नाही: खांदे आणि चेहरा. हा फरक सगळ्यांना कळतो. खरा फरक फोकसच्या खोलीतला, म्हणजे पुढून मागे किती अंतर रेखीव राहते यातला आहे. दोन्ही लेन्स एफ ८ वर ठेवून तीन मीटरवर फोकस केला तर २८ मध्ये साधारण १.७ मीटरपासून १२-१३ मीटरपर्यंत सगळे रेखीव राहते. ७५ मध्ये साधारण २.७ ते ३.४ मीटर एवढेच. उजेड कमी झाला आणि ७५ ची लेन्स एफ ४ वर आणली की उरतात जेमतेम ३० सेंटिमीटर. म्हणजे बाईने भाकरीचे फडके पुढे केले तर हात फोकसबाहेर जातो, मागचा रस्ता तर केव्हाच विरघळलेला असतो.

आता ‘उसकी रोटी’ पाहा. जिथे मागचे झाड, रस्ता, येणारी बस आणि बालो सगळे सारखेच धारदार आहे तिथे ती जगाचा एक भाग आहे. त्या चौकटीत तिच्याकडेच बघ असे कुणी सांगत नाही. जिथे ती एकटी धारदार आणि बाकी सगळे धुके, तिथे तिच्याभोवतीचे जग तिच्यासाठीच पुसले गेले आहे. हे करताना माणसे कमी हलतात, कारण ७५ च्या लेन्सवर, दिवसाच्या उजेडातही, हललेला चेहरा फोकसमध्ये ठेवणे फोकस पुलरसाठी, म्हणजे फोकस सांभाळणाऱ्या सहायकासाठी, फार कठीण. आमच्या मते या चित्रपटातली स्थिरता आणि त्यातली लेन्स यांना वेगळे काढताच येत नाही. ‘संथ’ म्हणून सोडून देणाऱ्या परीक्षणात ही जोडणी यायला हवी होती.

वाचकांना हे स्वतः करून पाहायचे असेल तर मोठा खर्च नाही. त्या चौकटीतली २८ ची लेन्स आजच्या मोबाइलच्या साधारण २ पट झूमइतका कोन देते आणि ७५ ची सुमारे ५ पट झूमइतका. गॅलरीत एका माणसाला उभे करा. २ पटवर त्याचा चेहरा चौकटीत ठरावीक आकाराचा येईल इतके जवळ जा, मग ५ पटवर तोच आकार येईपर्यंत मागे या. अंतर अडीच पटींनी वाढेल. दोन्ही छायाचित्रे शेजारी ठेवली की मागची इमारत दुसऱ्यात किती मोठी आणि किती जवळ आली ते कळेल. एकच गोष्ट मोबाइलवर दिसणार नाही, ती म्हणजे फोकसची खोली. मोबाइलचा सेन्सर इतका लहान असतो की जवळजवळ सगळेच रेखीव येते, आणि पोर्ट्रेट मोडमधला धूसरपणा सॉफ्टवेअरने नंतर चढवलेला असतो. केसांच्या कडा आणि चष्म्याची काडी बघा, तो कुठे चुकतो ते सापडेल.

खऱ्या घरात चित्रीकरण हा महाजन यांच्या कामातला आणखी एक मोठा भाग. बासू चटर्जी यांचा ‘सारा आकाश’ (१९६९) आग्र्याला, मूळ कादंबरीचे लेखक राजेंद्र यादव यांच्याच घरात चित्रित झाला. स्टुडिओच्या सेटवर चौथी भिंत नसते, वर छप्पर नसते, दिवे कुठूनही टांगता येतात. जुन्या घरात भिंती हलत नाहीत, छत बुटके असते, आणि खिडकी सगळ्यांत मोठा घोळ करते. दुपारी बाहेरची गल्ली एफ १६ मागते आणि आतली बाई एफ २.८. हा पाच स्टॉपचा फरक त्या काळच्या निगेटिव्हने सांभाळला तरी प्रिंटवर टिकत नाही. मग एकतर खिडकी पांढरीफटक, नाहीतर बाई काळी. उपाय ठरलेले आहेत: खिडकीवर राखाडी जिलेटिनचा पारदर्शक कागद लावून बाहेरचा उजेड दोन-तीन स्टॉप उतरवणे, गल्लीत सावली येण्याची वेळ गाठणे, खिडकी चौकटीच्या कडेला टाकणे, आणि आत छतावर किंवा पांढऱ्या कापडावर दिव्याचा झोत आपटवून परतलेला मऊ उजेड आणणे. चौथा उपाय सगळ्यांत उपयोगी आणि सगळ्यांत धोक्याचा. तो जास्त झाला की खोली सगळीकडून सारखी उजळते आणि घरातली दुपार हरवते. आपटवलेला उजेड खिडकीच्या बाजूनेच यायला हवा, आणि दुसऱ्या बाजूला कटर (उजेड अडवणारी काळी पाटी) लावून सावली राखायला हवी.

आपल्याकडे आणखी एक अडचण असते, ती कपड्यांची. पांढरे सुती कापड उजेडाचा बहुतेक भाग परत फेकते, सावळा चेहरा त्याच्या पाचव्या हिश्श्याइतका. म्हणजे दोन ते अडीच स्टॉपचा फरक एकाच माणसाच्या अंगावर. कृष्णधवल चित्रपटात चेहऱ्याचे मीटर धरले तर सदरा जळतो (तपशील जाऊन नुसता पांढरा उरतो), सदऱ्याचे धरले तर चेहरा बुडतो. म्हणून पांढरे कपडे चहाच्या पाण्यात बुडवून किंचित मळवायचे, ही युनिटमधली जुनी रीत. पडद्यावर ते पांढरेच दिसतात, पण त्यांच्या चुण्या शाबूत राहतात. जुना कृष्णधवल चित्रपट बघताना सदऱ्याच्या चुण्या दिसतात का एवढे बघितले तरी कॅमेरामनच्या हाताचा अंदाज येतो.

‘रजनीगंधा’ (१९७४) मधले टॅक्सीतले गाणे, ‘कई बार यूँ भी देखा है’, याच प्रश्नाची चालती आवृत्ती आहे. आत सावली, बाहेर मुंबईचे ऊन, आणि गाडी वळली की उजेडाची बाजूच बदलते. अशा शॉटमध्ये बाहेरचे तीन स्टॉप जास्त गेले तरी चालते. ते जळू द्यावे. चेहऱ्याची सावलीची बाजू मात्र मीटरपेक्षा दीड-दोन स्टॉपच्या खाली जाऊ देता कामा नये. सीटवर किंवा मांडीवर चौकटीबाहेर अंथरलेले पांढरे कापड तेवढे काम करते. विद्या सिन्हा यांच्या चेहऱ्यावरची ती हलती ऊनसावली कुणी ‘नेत्रसुखद’ म्हणेल. तिच्यामुळे प्रेक्षक टॅक्सीत बसतो, हे जास्त महत्त्वाचे.

मृणाल सेन यांच्याबरोबर महाजन यांनी ‘भुवन शोम’ (१९६९) पासून पुढे वर्षानुवर्षे काम केले. तिथे त्यांचा कॅमेरा वेगळाच वागतो. ‘भुवन शोम’ची श्रेयनामावली धावत्या गाडीतून दिसणाऱ्या रुळांवर चालते; पुढे सौराष्ट्रातले वाळूचे डोंगर, रिकामे आकाश, मध्येच गोठलेली चौकट. गोठलेली चौकट त्या काळी ऑप्टिकल प्रिंटरवर (फिल्मवरची चौकट पुन्हा नव्या फिल्मवर टिपणाऱ्या यंत्रावर) एकच चौकट सेकंदाला २४ वेळा छापून करत. दुसऱ्या पिढीची प्रत असल्याने तिचा दाणा, म्हणजे फिल्मवरचे बारीक कण, जाड होतो. जुन्या प्रिंटवर चित्र गोठण्याच्या क्षणी पोत बदललेला दिसतो तो यामुळे. ‘इंटरव्ह्यू’ (१९७०) मध्ये ट्राममध्ये उभा असलेला नायक रंजित मल्लिक थेट प्रेक्षकांशी बोलू लागतो, आणि त्याचे चित्रण करणारे महाजन कॅमेऱ्यासह पडद्यावर दिसतात. कॅमेरामनला पडद्यावर असा मान देणारी जागा भारतीय चित्रपटात फार थोडी आहे. चित्रपटाच्या परीक्षणातून त्याचे नाव गाळायचे म्हणजे दिग्दर्शकाने मुद्दाम दाखवलेली गोष्ट न पाहणे.

हा वेग आणि हा मोकळेपणा कुठून आला, हेही सांगायला हवे. हलक्या ॲरिफ्लेक्स कॅमेऱ्याला ४०० फुटांची फिल्म बसते आणि ती साडेचार मिनिटांत संपते. कॅमेरा आवाज करतो, म्हणून संवाद नंतर डब करावे लागतात. पण तो खांद्यावर घेता येतो, आणि डोळा लावला की लेन्समधून येणारेच चित्र दिसते. कच्ची फिल्म आयात होत असे आणि मोजून मिळत असे. सव्वादोन तासांचा चित्रपट म्हणजे सुमारे १२,००० फूट. एकास चार या प्रमाणात, म्हणजे पडद्यावरच्या एका फुटामागे चार फूट चित्रित करून, काम करायचे तर ४८,००० फूट लागणार. सरकारी फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या कर्जावर उभ्या राहिलेल्या चित्रपटांत एवढीही चैन नसे. त्यात रशेस (चित्रित झालेल्या भागाची पहिली प्रिंट) काही दिवसांनी बघायला मिळत. आजच्यासारखा मॉनिटर शेजारी नव्हता. कमी एक्स्पोज झालेल्या निगेटिव्हमध्ये सावलीतला तपशील पुन्हा उगवत नाही. प्रिंट उजळ केली तर काळ्याऐवजी राखाडी आणि दाणेदार चित्र मिळते. म्हणून अनुभवी कॅमेरामन शंका आली की अर्धा स्टॉप जास्तच देत.

‘मायादर्पण’ (१९७२) ह्या कुमार शहानी यांच्या रंगीत चित्रपटाबद्दल इथे थोडक्यात सांगतो, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. भिंती, वस्त्रे, मोकळी जमीन यांच्या रंगांची आधीपासून केलेली योजना आणि तिला धक्का न लावणारा उजेड, हे त्यातले मुख्य काम. मणी कौल यांच्याकडे कठोर, सेन यांच्याकडे खरखरीत, बासू चटर्जी यांच्याकडे जवळजवळ अदृश्य असा हा एकाच माणसाचा कॅमेरा. सगळीकडे समान काय, तर उजेडाला खरे उगमस्थान असते: खिडकी, आकाश, रस्ता. शोभेसाठी टाकलेला दिवा क्वचितच सापडतो. नेत्रसुख शोधणाऱ्या परीक्षकाच्या हातून असा कॅमेरामन निसटतो, आणि म्हणूनच त्याच्यावर लिहायला हवे.

लिहिणाऱ्यांइतकीच दाखवणाऱ्यांनाही एक विनंती. पुण्यात चित्रपट मंडळे आहेत, महाविद्यालयांत खेळ होतात, घरोघरी मोठे टीव्ही आले आहेत. ‘उसकी रोटी’ आणि ‘भुवन शोम’ यांची चौकट १.३७ : १ अशी, जवळजवळ चौकोनी आहे. ती टीव्हीच्या १६ : ९ चौकटीत भरून टाकण्यासाठी वरखाली कापली की चित्राचा सुमारे २३ टक्के भाग जातो, आणि पहिल्यांदा जातात डोक्यावरची मोकळी जागा आणि हात. ताणून भरली तर चेहरे रुंद होतात. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या ठेवणे हेच बरोबर. प्रेक्षकांनी तक्रार केली तर खेळाआधी दोन वाक्यांत कारण सांगावे.

टीव्हीवर ‘व्हिविड’ मोड बंद करावा आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोयही बंद करावी. ती दोन चौकटींच्या मध्ये नसलेल्या चौकटी तयार करते. खांद्यावरच्या कॅमेऱ्याचे सेन यांच्या चित्रपटांतले झटके त्यात विरघळून जातात. दाणा पुसणारी ‘नॉइज रिडक्शन’ ही सोयही बंदच हवी, कारण कृष्णधवल फिल्मवर चेहऱ्याची त्वचा त्या दाण्यातच असते. प्रोजेक्टर असेल तर पिवळसर किंवा क्रीम रंगाच्या भिंतीवर चित्र टाकू नये, त्याला तोच रंग चढतो. लॅपटॉपवरून दाखवताना हमखास होणारी चूक म्हणजे एचडीएमआयच्या रेंजची, म्हणजे काळ्या-पांढऱ्याच्या पातळ्यांची. लॅपटॉप ‘लिमिटेड’ आणि प्रोजेक्टर ‘फुल’ असला की काळे राखाडी होते. उलट असले की सावल्यांतला सगळा तपशील काळ्यात बुडतो, आणि लोक म्हणतात, जुना प्रिंट दिसतो. दोन्हीकडे एकच रेंज लावली की फरक लगेच कळतो. खेळाआधी एखादी अंधाऱ्या खोलीची चौकट थांबवून काळ्या केसांत बट दिसते का ते पाहावे.

आपल्याकडे मागणे फार नाही. प्रत्येक परीक्षणाच्या चौकटीत दिग्दर्शकाच्या नावाखाली छायाचित्रणकाराचे नाव यावे. लेखात एखाद्या प्रसंगाचा उजेड कुठून येतो, लेन्स रुंद आहे की लांब, कॅमेरा कुठे उभा आहे, एवढे तीन-चार वाक्यांत यावे. त्यासाठी परीक्षकाने कॅमेरा चालवायला शिकायची गरज नाही. इन्स्टिट्यूट आणि संग्रहालय मिळून चालवत आलेला रसास्वादाचा अभ्यासक्रम आपल्याच शहरात आहे. जुन्या चित्रपटांवरच्या लेखाला छायाचित्र लावताना ते मूळ चौकटीतच छापावे. रकान्यात बसावे म्हणून बालोच्या मागचा रस्ता कापला तर त्या चित्रात वाट पाहणे उरत नाही.

कळावे.

आपले,
कॅमेरा आणि प्रकाशयोजनेच्या कामातले काही वाचक,
पुणे